सम्लीमावशी गप्प बसते

सम्लीमावशी येते आहे हे आमच्या गावात आधी कानांना कळतं, डोळ्यांना नंतर. तळ्याच्या वळणाआधीच तिच्या मोटरसायकलचा हॉर्न सुरू होतो आणि हॉर्नच्या वरच्या पट्टीत तिचा आवाज येतो.

"मोठी आई, भात शिजला का? मी जेवायला नाही आले हं, रांजण बघायला आलेय! पण वाढलंस तर नाही म्हणणार नाही!"

ती गावची आरोग्यसेविका. म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजायचा, बाळांची वजनं करायची आणि दर शुक्रवारी घरोघरच्या रांजणांत बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधायच्या, हे तिचं काम. रांजणात वाकलेली असतानाही ती बोलतच असते. तिचा आवाज आत घुमतो, घरातली माणसं बाहेरून उत्तरं देतात, आणि ती उत्तरं पुढच्या घरच्या रांजणापर्यंत ताजी पोचतात. कुणाची सून रुसली, कुणाच्या म्हशीला दिवस गेले, कुणाचा मुलगा बँकॉकहून केस रंगवून आला. गावाला याचं वाईट वाटत नाही. उलट शुक्रवारी मावशी फिरकली नाही तर बायका म्हणतात, "आज काही कळलंच नाही बाई."

पंधराव्या वर्षी ती बँकॉकला शिवणाच्या कारखान्यात गेली होती. यंत्रांच्या घरघराटात शेजारणीशी बोलायचं तर ओरडावंच लागे. कारखाना सुटला, ओरडणं राहिलं. नवरा तैवानला कामाला गेला तो तिकडचाच झाला. मुलगा रयोंगला गाड्यांचे भाग बनवतो आणि नववर्षाला चार दिवस येतो. त्यामुळे मावशीच्या घरात टीव्ही दिवसभर चालू असतो, ती घरात नसतानाही.

"बंद कर की, वीज जळते," शेजारीण म्हणते.

"जळू दे. गप्प घर मला मयतीचं घर वाटतं."

गेल्या वर्षी भातकापणी उरकली, आणि कालव्यापलीकडच्या गावातला, आमच्याच शाळेतला एक मुलगा गेला. स्वतःहून गेला. त्याचं नाव आता कुणी घेत नाही. मयतीच्या जेवणाला बसलेली सगळी माणसं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पण हसरा होता हो." मावशीही म्हणाली. सगळ्यांत मोठ्यांदा तीच म्हणाली.

त्यानंतर शाळेने आणि आरोग्यकेंद्राने मिळून ठरवलं की प्रत्येक मोठ्या मुलाच्या घरी जायचं. शिक्षक आणि आरोग्यसेविका अशी जोडी. मुलाशी बोलायचं, झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन रमतं का ते विचारायचं. आरोग्यकेंद्रात पंख्याखाली सगळ्या सेविकांना बसवून जिल्ह्याच्या इस्पितळातल्या नर्सबाईंनी समजावलं. हे प्रश्न सोपे होते. शेवटच्याला सगळ्या बायका गडबडल्या. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारायचं.

सम्लीमावशीने हात वर केला नाही, नुसतीच बोलली. "बाई, असलं अभद्र तोंडातून काढायचं? आमच्याकडे पोराला छान दिसतोस असंसुद्धा म्हणत नाहीत, भुतं ऐकतात. आणि हे विचारायचं?"

"विचारलं म्हणून मनात येत नाही, मावशी. आलेलं असलं तर बाहेर पडतं."

"आणि पडलं बाहेर तर मी काय करू?"

"काही करू नका. ऐका."

सगळ्या बायका हसल्या. सम्ली आणि ऐकणार! मावशीही हसली. तो प्रश्न ती घेऊन आली खरी, पण घरोघरी फिरताना तो तिने कधी तोंडाबाहेर काढला नाही. पोरांना बघून पुढे सरकायची, आणि विचारला का म्हटलं तर म्हणायची, "अहो, तोंडावरूनच कळतं."

तिच्या जोडीला ख्रू वारुणी होती. ख्रू म्हणजे शिक्षिका. शाळेतली तरुण बाई, मृदू बोलणारी, मावशीच्या पाठीमागे मोटरसायकलवर डोळे मिटून बसणारी. पाऊस सरल्यावर एका दुपारी दोघी बुनमा आजीकडे आल्या. म्हातारीला सगळं गाव मोठी आई म्हणतं. तिची नात फैलिन, वय पंधरा, नववीत. फैलिनची आई बँकॉकला केस कापायच्या दुकानात. तिथे तिला दुसरा नवरा आणि आता तान्हं बाळ. फैलिन पूर्वी शाळेच्या नाचाच्या चमूत पुढच्या रांगेत असायची. त्या वर्षी तिने नाच सोडला. मधल्या सुट्टीत ताट जसंच्या तसं परत ठेवायची. वर्गात शेवटच्या बाकावर डोकं टेकून असायची, झोपलेली नव्हे, नुसती. ख्रू वारुणीला भीती वाटत होती, आणि ती भीती तिने वाटेत मावशीला सांगितली.

"त्या मुलाचंही ताट असंच परत यायचं, मावशी. मीच वाढायचे."

मावशीने नुसताच हॉर्न वाजवला.

पाहुणे येणार हे मोठ्या आईला आधीच ठाऊक होतं, गावप्रमुखाने सकाळीच भोंग्यावरून सांगितलं होतं. अंगण झाडलेलं, खांबांवर उभ्या घराखालच्या बांबूच्या बाजेवर चटई, कच्च्या पपईचं सोमतम खलबत्त्यात तयार, टोपलीत चिकट भात, भाजलेला मासा. ख्रू दारात दिसताच मोठी आई दोन्ही हात जोडून म्हणाली, "आलात! आणि पाणी असं कोमट! फैलिन, ऊठ, बर्फ आण. पळ."

फैलिन उठली. दोघींना वाकून नमस्कार केला, सायकलला बादली अडकवली आणि गेली.

"काय गुणाची आहे," ख्रू म्हणाली.

"एका शब्दात ऐकते," मोठी आई म्हणाली. "पण जरा कमी बोलते."

"तुमच्या घरात सम्लीमावशी येते म्हटल्यावर बोलायला जागा कुठे उरते?"

सगळ्या खळखळून हसल्या. सोमतम तिखट झालं होतं, त्यावर चर्चा झाली. मोठ्या आईने लेकीच्या नव्या बाळाचा फोटो दाखवला. फैलिन बर्फ घेऊन आली, ग्लासांत टाकला. तोवर चमचा कमी पडला. ती चमचा आणायला गेली. मग लिंबू. मग शेजारच्या घरून केळी. शेवटी एकदाची ती बाजेच्या कडेला टेकली तेव्हा मावशीने तोंड पुसलं आणि कर्तव्य उरकायला घेतलं.

"काय गं, बरी आहेस ना? जेवतेस ना? दिसतंय की जेवतेस. झोप लागते ना? तुमच्या वयात झोप लागणारच, मला तर बसल्या बसल्या लागायची. उदास-बिदास नाही ना वाटत? कशाला वाटेल! एवढी माया करणारी आजी आहे!"

"हो, मावशी," फैलिन म्हणाली.

"बघा, ख्रू. बरी आहे."

निघताना चौघींचा फोटो काढला. फोटोत फैलिन हसते आहे.

महिन्याभराने पुन्हा आल्या. पुन्हा पाणी कोमट होतं, आणि पुन्हा फैलिनच बर्फाला गेली.

त्या दुसऱ्या खेपेला परतताना ख्रू वारुणी म्हणाली, "मावशी, आपण तिच्याशी बोललोच नाही."

"म्हणजे? केवढी बोलले मी!"

पण मावशीच्याही मनात काहीतरी रुतलं असावं, कारण संध्याकाळी ती थेट गावप्रमुख थोंगसुककडे गेली. रुतलेलं काही मनात ठेवायची तिला सवय नव्हती. "प्रमुख, बुनमाच्या नातीचं ख्वान पळालंय. शरीर आहे, पण ती आत नाही. काहीतरी करा."

ख्वान म्हणजे माणसाच्या आतला तो जीव, जो दचकला की पळून रानात भटकतो. पळाला की माणूस जेवतो-चालतो, पण त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. मग त्याला बोलवावं लागतं. थोंगसुक भला माणूस. त्या मुलाच्या मयतीत त्याने खांदा दिला होता, आणि आपल्या गावात असं होऊ द्यायचं नाही हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा खरखरला.

"हॅलो, हॅलो, एक, दोन. गावकरी बंधू-भगिनींनो, शुभ सकाळ. बुनमाच्या घरची नात फैलिन, जी नववीत आहे, तिचं मन बरं नाही. तिचं ख्वान बोलवायचं आहे. सगळ्यांनी सकाळी जेवणाआधी बुनमाच्या अंगणात यावं. दोरे आमच्याकडून. कोंबडी ज्याला जमेल त्याने आणावी. आणि खतांची गाडी उद्या येणार आहे. धन्यवाद."

सगळं गाव आलं. केळीच्या पानांचा आणि झेंडूचा उंच मनोरा मधोमध, त्याच्या पानापानावर पांढरे सुती दोरे. फैलिनला त्याच्यासमोर बसवलं. तळहातावर उकडलेलं अंडं आणि भाताचा गोळा ठेवला. मंत्र म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने थरथरत्या आवाजात हाक घातली, "ये गं ख्वान, ये. रानात असलीस तर ये, पाण्यात असलीस तर ये, आईच्या मागे बँकॉकला गेली असलीस तर ये." बायकांनी डोळे पुसले. मग एकेक जण पुढे येऊन तिच्या मनगटावर दोरा बांधू लागला. बांधणाऱ्याच्या कोपराला दुसऱ्याचा हात, त्याच्या पाठीला तिसऱ्याचा, अशी रांग पार फाटकापर्यंत गेली.

"खूप शिक, बाळा. पहिला नंबर काढ."

"आजीला सांभाळ. तिला तुझ्याशिवाय कोण आहे?"

"जरा जाडी हो, काठी झालीयेस."

"हसत राहा. हसऱ्या मुलीलाच चांगला नवरा मिळतो."

फैलिन प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे झाले. सम्लीमावशीने दोरा बांधताना जे आशीर्वाद दिले ते सांगायला एक पान लागेल.

दोरे निदान तीन दिवस ठेवायचे. मग हलक्या हाताने गाठ सोडवायची. कात्री लावायची नाही, दाताने तोडायचं नाही. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

सोमवारी शाळा भरली आणि वर्गातल्या मुलांना नवा खेळ मिळाला. एकाने मुठीचा भोंगा केला. "हॅलो, हॅलो, एक, दोन. फैलिनचं मन बरं नाही. कोंबडी ज्याला जमेल त्याने आणावी." दुसरा बाकाखाली वाकून बघायचा. "फैलिन, तुझं ख्वान इथे पडलंय का गं?" ख्रू वारुणीने रागावून बघितलं, तशी पोरं तिच्या मागे हळू आवाजात करू लागली.

मावशीला हे तेव्हा कळलं नाही. तिला कळलं ते शुक्रवारी.

रांजणांचा दिवस. मोठ्या आईच्या न्हाणीमागे कोपऱ्यात एक जुना रांजण आहे, वापरात नसलेला. मावशी त्यावर वाकली, बॅटरी मारली. तोंड चालूच होतं. "मोठी आई, तुझ्या या रांजणात डासांचं लग्न लागतं बघ दर पावसाळ्यात, वऱ्हाडच..."

आणि थांबली.

तळाशी पांढरं काहीतरी होतं. आधी तिला वाटलं, कसले किडे. हात घालून तिने ते वर काढलं. दोरे होते. भिजून लिबलिबीत झालेले, गाठी तशाच्या तशा, आणि गाठींच्या बाजूला सरळ, स्वच्छ कापलेले. सगळेच्या सगळे. त्यातला एक तिने स्वतः बांधलेला होता. कारखान्यातली सवय म्हणून ती नेहमी दुहेरी गाठ मारते.

"सापडल्या का अळ्या?" मोठ्या आईने विचारलं.

मावशीने दोरे शर्टाच्या खिशात घातले. खिशातून पाणी ओघळून पोटावर आलं.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

आयुष्यात पहिल्यांदा एका घरातली गोष्ट तिने दुसऱ्या रांजणापर्यंत नेली नाही. बाकीची घरंही तिने त्या दिवशी गुपचूप तपासली, आणि बायकांनी एकमेकींना विचारलं, "हिचे दात दुखतायत की काय?"

दुसऱ्या दिवशी शनिवार. मावशी हॉर्न न वाजवता आली. मोठ्या आईने बघितलं आणि सवयीने हाक मारली, "फैलिन, बर्फ आण!"

फैलिन बादली घेऊन निघाली. मावशीही उठली. "मी जाते तिच्याबरोबर."

"पाहुणीने कशाला? बस की."

"मोठी आई, मी रोज येते. मी कसली पाहुणी?"

दुकानापर्यंत दोघी चालत गेल्या, फैलिन सायकल हातात धरून. मावशीच्या तोंडात सतरा वाक्यं तयार होती. ती तिने गिळली. बर्फ घेतला. परतताना तळ्याकाठच्या थांब्याच्या छपराखाली मावशी बसली. "पाय दुखले. टेक जरा."

फैलिन टेकली. बादली दोघींच्या मध्ये.

मावशीने खिशातून दोरे काढून मांडीवर ठेवले. वाळले होते आता.

फैलिनने ते पाहिले. मान फिरवून तळ्याकडे बघत राहिली. "सांगा भोंग्यावर," ती म्हणाली.

मावशी काही बोलली नाही.

"पोरं वर्गात करून दाखवतात. एक, दोन. हॅलो, हॅलो. चांगलं जमतं त्यांना, अगदी प्रमुखांसारखं."

मावशीने एक दोरा बोटाभोवती गुंडाळला.

"सगळ्यांनी सांगितलं, मी काय काय व्हायचं ते. मी सगळ्यांना हो म्हटलं. मग हात जड झाले, मावशी. दोऱ्यांनी हात जड होतात का? रात्रभर उचलताच येईनात."

बर्फाचे तुकडे आपापसांत खळकन सरकले. मावशीला नर्सबाई आठवली, पंखा आठवला, हसणाऱ्या बायका आठवल्या. आणि ताट परत ठेवणारा तो मुलगा, ज्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं आणि जो हसरा होता असं ती ओरडून सांगत होती. तिने दोन्ही हातांनी बादलीची कड धरली.

"फैलिन, तुला मरावंसं वाटतं का?"

भुतं ऐकत असतील तर ऐकोत. तिने विचारलं आणि तोंड मिटलं. तळ्यात एक बगळा होता, तो उडाला. एक ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरने "काय मावशी!" म्हणून हाक मारली, तिने हात हलवला, ट्रॅक्टर गेला. बादलीत पाणी दिसायला लागलं. उत्तर येईना. मावशीला वाटलं, आपणच उत्तर देऊन टाकावं, नेहमीसारखं, नाही ना वाटत, कशाला वाटेल. जीभ टाळूला लावून ती बसून राहिली.

"रोज नाही," फैलिन म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "आता रोज."

मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडली असती, आणि ती रडली की पलीकडच्या गावाला ऐकू जातं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली.

"आता कुणाकुणाला सांगणार?"

"ख्रूला. इस्पितळातल्या बाईंना. मोठ्या आईला थोडं सांगावं लागेल. त्यापुढे कुणाला नाही."

"तुम्हाला जमेल?"

"नाही जमणार गं," मावशी म्हणाली. "पण करीन."

घरी पोचल्या तेव्हा बादलीत नुसतं गार पाणी होतं. मोठी आई म्हणाली, "हे काय आणलंत?" मावशीने तेच पाणी ग्लासांत ओतलं.

मोठ्या आईला ख्रू वारुणीने सांगितलं, मावशी शेजारी बसून होती. म्हातारी रडली नाही. फवारणीच्या बाटल्या घरात नकोत असं सांगितल्यावर ती उठली, कोठीतल्या सगळ्या बाटल्या पोत्यात भरून मावशीच्या मोटरसायकलला बांधल्या, आणि गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिली. "हिची आई या वयात अशीच गप्प असायची," ती म्हणाली. "मी सगळीकडे सांगायचे, माझी पोर किती शहाणी."

मंगळवार इस्पितळाचा ठरला. पण फैलिन दर मंगळवारी मावशीच्या मागे बसून कुठे जाते हे गावाने विचारणारच. मावशीने उत्तर तयार ठेवलं. "माझ्या पोटात काहीतरी आहे. डॉक्टर बघतायत. चक्कर येते, म्हणून पोरीला धरायला नेते."

"काय आहे पोटात?"

"बघतायत."

सम्ली आणि एका शब्दात उत्तर! मग तर ते नक्कीच मोठं दुखणं असणार, असं गावाने धरलं. शुक्रवारी ती रांजण बघायची, अळ्या आहेत-नाहीत सांगायची आणि पुढे जायची. बायका चिडवून बघत. "जिभेला कुलूप कुणी घातलं गं? किल्ली तैवानला पाठवलीस काय?" ती हसायची. घरी गेल्यावर टीव्ही लावायचीही तिने बंद केलं. लावला की आपणही त्याच्याबरोबर बोलायला लागतो आणि सवय मोडते, असं तिचं म्हणणं.

इस्पितळात फैलिन आत जायची, मावशी बाहेरच्या बाकावर बसायची. आत काय बोलणं झालं ते तिने कधी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर कधी फैलिन नूडल्सच्या गाडीवर अर्धा वाडगा संपवायची. कधी हातही लावायची नाही. ख्रू वारुणीने शाळेत भोंगा करणाऱ्या पोरांना एकेकटं बोलावून बसवलं. पोरं थांबली की थकली, कोण जाणे. नाचाच्या चमूत फैलिन परत गेली नाही. तिच्या आईचा फोन यायचा, मागे बाळ रडत असायचं, आणि "बरी आहेस ना?" या प्रश्नाला फैलिन "हो" म्हणायची.

आणि मग एका मंगळवारी, मावशी फाटकाशी गाडी बंद करून थांबलेली असताना, फैलिन दारातच उभी राहिली.

"मी नाही येत आता."

"का गं?"

"काय उपयोग? तीच औषधं. तेच प्रश्न. मी बरी होत नाहीये, मावशी. तुम्ही उगीच आजारी झालात."

मावशीने गयावया केली नाही. दुपारपर्यंत फाटकाशी बसून राहिली. मग ख्रूला फोन केला. शाळा सुटल्यावर ख्रू आली आणि मोठ्या आईजवळ झोपायला राहिली. त्या आठवड्यात ख्रू नाहीतर मावशी तिथे असायचीच, काहीतरी निमित्त काढून: पपई द्यायला, शिवण दाखवायला. फैलिनला कळत होतं.

त्याच आठवड्यात, रविवारी पहाटे, भोंगा खरखरला.

"हॅलो, हॅलो, एक, दोन. गावकरी बंधू-भगिनींनो, आपल्या सर्वांची सम्ली, आरोग्यसेविका, हिची तब्येत बरी नाही हे आपण जाणता. ती आपल्या सगळ्यांसाठी एवढी बोलली, आणि आता बोलत नाही. तिचं ख्वान बोलवायचं आहे..."

मावशी अंगणात झाडू घेऊन उभी होती. ती खाली बसली. थोंगसुकला गाठून सांगता आलं असतं, प्रमुख, मला काही झालेलं नाही. मग त्याने विचारलं असतं, तर दर मंगळवारी कोणासाठी जातेस? झाडू ठेवून ती आंघोळीला गेली आणि स्वच्छ ब्लाउज घालून आली.

सगळं गाव आलं. झेंडूचा मनोरा, अंडं, भाताचा गोळा. म्हाताऱ्याने हाक घातली. "ये गं सम्लीच्या ख्वान, ये. तैवानला गेली असलीस तर ये, रयोंगला गेली असलीस तर ये." लोक हसले आणि रडले. मावशी तळहात पसरून बसली होती. नसलेल्या दुखण्यासाठी माणसं तिच्या मनगटांवर दोरे बांधत होती, आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं.

"बरी हो, सम्ली. तुझ्याशिवाय शुक्रवार सुना वाटतो."

"पोटातलं असेल ते विरघळून जाऊ दे."

"पुन्हा आमच्या चहाड्या कर, बाई. आम्ही काही म्हणणार नाही."

रांगेच्या शेवटी मोठी आई होती आणि तिच्या मागे, स्वच्छ शर्ट घातलेली, फैलिन. ती येईल असं मावशीला वाटलं नव्हतं. मुलीचे डोळे सुजलेले होते. गेल्या मंगळवारनंतर मावशी आली की ती आत निघून जायची. गाव बघत होतं. कुणीतरी कुजबुजलं, "हीच नेते तिला डॉक्टरकडे. गुणाची पोर."

फैलिन गुडघ्यावर बसली. मनोऱ्यावरचा शेवटचा दोरा घेतला. मावशीचं मनगट उलटं केलं, दोरा वरून घासला, वाईट झटकतात तसा. कोपराखाली मोठ्या आईचा हात, तिच्या पाठीला थोंगसुकचा, आणि त्याच्या मागे सगळे. आशीर्वाद म्हणायचा असतो. सगळं अंगण गप्प झालं, पोरगी काय म्हणते ते ऐकायला.

मावशीने तिला काही सुचवलं नाही.

फैलिनने गाठ मारली. मग त्यावर दुसरी.

"मंगळवारी," ती म्हणाली, एवढ्या हळू की मागच्यांना ओठ हललेले दिसले फक्त.

"काय म्हणाली?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

सम्लीमावशीने सांगितलं नाही.